उजव्या डोळ्याचा तांबडा

१४ एप्रिल, रविवार

आज तमिळ वर्षाचा पहिला दिवस. आमच्या दुकानाच्या मालकांनी, अनंतकृष्णांनी, सगळ्या नोकरांसमोर मला बोलावून ताट दिलं. ताटात आंबा, विडा आणि एक कागद. आजपासून लग्नसराईची सगळी रेशमी खरेदी माझ्या हातात. मी हो म्हणेन ती साडी दुकानात राहणार, नाही म्हणेन ती परत कांचीपुरमला जाणार. बावीस वर्षं मद्रासमधल्या टी. नगरच्या या दुकानात मांडी घालून बायकांसमोर साड्या उलगडल्या. आता उलगडायचं काम दुसऱ्यांचं.

म्हणून ही वही. मराठीत लिहितो आहे, कारण दुकानात ती कोणाला वाचता येणार नाही. घरीसुद्धा भीती नाही. कीर्तना, माझी लेक, मराठी बोलते, पण अक्षर दिसलं की तोंड फिरवते. भवानीला वाचता येतं, पण नवऱ्याने लिहिलेलं वाचण्याइतका वेळ कोणत्या बायकोला असतो? माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तंजावरला छडी हातात घेऊन बाळबोध गिरवून घेतली होती, ती एकदाची कामी आली.

दुकानात मला 'कण्णु राव' म्हणतात. कण्णु म्हणजे डोळा. राणोजी हे नाव तिथे कोणाच्या जिभेवर वळत नाही. तांबड्या रंगातला फरक या रस्त्यावर माझ्याइतका कोणाला कळत नाही, हे मी म्हणत नाही, समोरचे दुकानवालेच म्हणतात. ही विद्या मला कांचीपुरमच्या राजगोपालांनी दिली. विणकर आणि रंगारी दोन्ही, आता अडुसष्टचे असतील. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला दुकानाच्या पायरीवर उन्हात नेलं, साडीचा पदर हातात दिला आणि म्हणाले, "डावा डोळा मीट. दोन डोळे म्हणजे दोन मतं." तेव्हापासून मी रंग उजव्या डोळ्यानेच पाहतो.

२० एप्रिल, शनिवार

काल मतदान, दुकान बंद. दिवसभर उजवा डोळा दुखत होता. डोळा फिरवला की मागून कोणीतरी दोरीने ओढल्यासारखं होतं. भवानीचं निदान ठरलेलं असतं, उष्णता. उष्णता उतरावी म्हणून आज शनिवारचं तेल लावून चांगलं कढत पाणी अंगावर घेतलं. न्हाणीतून बाहेर आलो तर सगळं घर धुरकट. अर्ध्या तासाने निवळलं. हल्ली तिळाच्या तेलातसुद्धा काय काय मिसळतात, देव जाणे.

२३ एप्रिल, मंगळवार

या गावात आता भेसळीशिवाय काही मिळत नाही. सकाळी देवाजवळ कुंकवाची डबी उघडी होती. सवयीने डावा डोळा मिटून पाहिलं, तर आत विटेचा चुरा.

"हे कुंकू कुठलं?" मी विचारलं.

"अय्यो, तेच की हो! मैलापूरच्या त्याच दुकानातलं. पंधरा वर्षं तेच लावत्ये मी," भवानी म्हणाली.

"मग पंधरा वर्षांनी त्याला अक्कल आली. फसवायची."

तिने डबी खिडकीशी नेऊन पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तेच कपाळाला लावलं. दुपारी डब्यातली टोमॅटोची चटणीही तशीच, फिक्की. कोणावर विश्वास ठेवावा?

२५ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस वाईट गेला, पण माझं काम मी केलं.

राजगोपाल स्वतः बसने गठ्ठा घेऊन आले. अंबत्तूरच्या एका कारखानदाराच्या घरचं लग्न आहे. अकरा मुहूर्ताच्या साड्या, सगळ्या एकाच तांबड्यात, पिकल्या मिरचीच्या. त्या रंगासाठीच आम्ही राजगोपालांकडे जातो. पहिली साडी घेऊन मी पायरीवर उन्हात गेलो, डावा डोळा मिटला आणि पदर पाहिला. मिरची कुठली, ती तर उन्हात विटलेली वीट होती. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच.

"अय्या, रंग कोणी घातला?" मी विचारलं. राजगोपालांना मी अय्याच म्हणतो, गुरुजी म्हणावं तसं.

"मीच. दुसरं कोण घालणार?"

"हा तांबडा नाही."

त्यांनी पदर हातात घेतला. त्यांनीही डावा डोळा मिटला. बराच वेळ पाहत राहिले. "मला तर तांबडा दिसतोय, राणोजी."

"तिथेच तर सगळं आलं. वय झालं तुमचं. डोळे दाखवा कोणाला तरी."

हे मी गिऱ्हाइकांसमोर बोललो. बोलायला नको होतं, पण जे दिसलं ते बोललो. मालक बाहेर आले, साडी पाहून म्हणाले, "बरी दिसते की, राव." मी म्हटलं, "बरी दिसते सार, तांबडी दिसत नाही." ते हसले. राव बोलले म्हणजे झालं, म्हणाले, आणि ते काम तिथल्या तिथे दुसऱ्या विणकराला फोनवर सांगून टाकलं. राजगोपालांकडची पुढची सगळी कामंही थांबवायची ठरली.

राजगोपालांनी अकरा साड्या पुन्हा गठ्ठ्यात बांधल्या. दर वेळी आम्ही दोघं कोपऱ्यावर कॉफी घेतो. आज मी विचारलं, तर म्हणाले, "डोळा सांभाळ तुझा, त्यावर पुष्कळ जण जगतात." नाचता येईना त्याला अंगण वाकडं. तरी जेवण गेलं नाही मला.

२६ एप्रिल, शुक्रवार

मनाला टोचणी नको म्हणून सकाळी नमुन्यांची पेटी काढली. बारा वर्षांपूर्वी राजगोपालांनीच दिलेली तांबड्या रेशमाची लडी तिच्यात आहे. कालच्या साडीचे चार धागे मी ठेवून घेतले होते. लडीशी लावून पाहिले तर तंतोतंत जुळले. म्हणजे लडीसुद्धा विटली! पेटीत ठेवून ठेवून रेशीमही म्हातारं होतं. टाकून दिली. खरा तांबडा माझ्या डोक्यात आहे, मला लडी कशाला हवी?

४ मे, शनिवार

कत्तिरी सुरू झाली, मद्रासचं सगळ्यात जळजळीत ऊन. तेल लावून आंघोळ केली आणि उजव्या डोळ्यासमोर जे धुकं आलं ते आज निवळलंच नाही. मधोमध डाग आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. दुकानात कोणाला सांगितलं नाही. दिवसभर डाव्या डोळ्यावर भागवलं, पण डावा हलक्या डोक्याचा आहे. त्याला सगळंच झगझगीत दिसतं, कुंकू काय, मिरची काय. असल्या डोळ्याने रंग पारखायचे नसतात.

आज कोईमतूरच्या एका बाईने पोपटी साडीला पिवळी म्हटलं. तिला मनात म्हणालो, कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच दिसतं. तोंडाने म्हणालो, बरोबर आहे अम्मा.

९ मे, गुरुवार

दोन नव्या गोष्टी. मान खाली घालून साडीची घडी पाहिली की मानेपासून कमरेपर्यंत विजेचा झटका बसतो. आणि काल संध्याकाळी रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत उजव्या पायातली चप्पल गळून पडली, ते मला वीसेक पावलांनी कळलं, तेही एका फुलवालीने हाक मारली म्हणून. पाय आहे, पण परक्याचा असल्यासारखा.

रात्री जेवताना कीर्तनाने माझा हात धरला. "अप्पा, पोरुम. पुरे झालं. सोमवारी डॉक्टर, नाहीतर मी कॉलेजला जाणार नाही."

कॉलेजची फी भरून ठेवली आहे, त्यामुळे धमकी लागू पडली.

१३ मे, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोन तास गेले. अक्षरं वाचायला लावली, डोळ्यात उजेड मारला, थेंब घातले. शेवटी त्यांनी टेबलावरची थेंबांची बाटली उचलली. तिचं बूच लाल होतं. उजवा डोळा झाकून दाखवलं, मग डावा झाकून दाखवलं, आणि विचारलं, "सांगा, कुठल्या डोळ्याला जास्त लाल दिसतं?"

मला! बावीस वर्षं हाच प्रश्न मी जगाला विचारत आलो.

डाव्या डोळ्याला ते पिकल्या मिरचीचं दिसलं. उजव्या डोळ्याला विटेचं.

मी म्हटलं, पुन्हा दाखवा. त्यांनी दाखवलं. पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळी त्यांनी बाटली खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बूच तेच होतं. कोणी बदललं नव्हतं. डॉक्टर पुढे काय म्हणाले ते भवानीने ऐकलं. मला पायरीवरचं ऊन दिसत होतं, आणि अकरा साड्या पुन्हा बांधणारे राजगोपाल दिसत होते.

१६ मे, गुरुवार

आता डॉक्टर विद्यालक्ष्मी. या मेंदू आणि मज्जातंतूंच्या. काल नळकांड्यात घालून डोक्याचे आणि मानेचे फोटो काढले. आज काळ्यापांढऱ्या चौकटी हलणाऱ्या पडद्यासमोर बसवलं आणि डोळ्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजलं. डाव्याचा शंभर मिलिसेकंदांत पोहोचतो. उजव्याचा एकशे अडतीस.

"डोळा चांगला आहे तुमचा," बाई म्हणाल्या. "डोळ्याच्या मागची नस बिघडली आहे. नसेच्या धाग्यांवर वेष्टन असतं, मायलिन म्हणतात त्याला. ते असलं की निरोप झपाट्याने जातो. तुमच्या अंगातले रोगाशी लढणारे शिपाई चुकून त्या वेष्टनालाच शत्रू समजले आणि ते कुरतडायला लागले. मानेतही असे डाग आहेत, म्हणून झटके येतात, म्हणून पाय बधिर. अंग तापलं की उघडे पडलेले धागे आणखी अडखळतात. कढत पाणी बंद."

मी विचारलं, "कलाबतूसारखं?"

त्यांना कळलं नाही, मग मी सांगितलं. खऱ्या जरीत आत रेशमाचा धागा असतो, त्यावर चांदीची बारीक पट्टी गुंडाळलेली असते, वर सोन्याचं पाणी. नखाने खरवडलं की चांदी उलगडते आणि आतला धागा उघडा पडतो. तो धागा तांबडा असतो.

"अगदी तसंच," त्या म्हणाल्या. "आतला धागा अजून शाबूत आहे, हीच चांगली गोष्ट. पण वरचेवर असे हल्ले झाले तर धागाही तुटतो. पूर्ण बरं होणारा रोग नाही हा. आवरून धरता येतो."

रोगाचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. भवानीने कागदावर लिहून घेतलं आणि कागद पर्समध्ये देवीच्या अंगाऱ्याशेजारी ठेवला.

माझ्या मनात मात्र रोगाचा विचार नव्हता, राजगोपाल होते. माझेच शिपाई, आपल्याच माणसाला शत्रू समजले, हे मला नसेबद्दल ऐकवलं जात होतं आणि मी मान हलवत होतो.

२२ मे, बुधवार

सलाईनमधून औषधाचे पाच दिवस संपले. तोंडाला पत्र्याची चव आहे आणि भूक अशी की भिंत खाईन. धुकं पातळ झालं आहे. नाकं दिसायला लागली. माणसांची नाकं किती कुरूप असतात, हे विसरलो होतो.

दुकानात कावीळ झाली म्हणून सांगितलं आहे.

२ जून, रविवार

बारीक अक्षरंही वाचतो आता, दोन्ही डोळ्यांनी. फक्त तांबडा परत आला नाही. उजव्याला अजून वीटच दिसते. बाई म्हणतात, अक्षरं परत येतात, रंग कधी कधी मागे राहतो.

कामावर जातो. आता रंग डाव्या डोळ्याने पाहतो आणि उजवा मिटतो. कोणाच्या लक्षातही आलं नाही. बावीस वर्षं ज्या डोळ्यावर दुकान चाललं तो कोणता, हे एकालाही माहीत नव्हतं.

मालकांना सांगायला हवं. रोज सकाळी ठरवतो. सांगितलं तर आजाऱ्याला सहानुभूती मिळेल आणि खरेदी दुसऱ्याकडे जाईल. नजर गेलेला पारखी कोण ठेवेल? कीर्तनाचं शेवटचं वर्ष आहे, रोग आवरून धरणाऱ्या इंजेक्शनाचा दर महिन्याचा खर्च आहे, अशी कारणं सापडतात. खरं कारण एवढंच की मी भित्रा आहे. हे मराठीत लिहायला सोपं जातं.

१० जून, सोमवार

कांचीपुरमहून आलेल्या दलालाने सहज सांगितलं. राजगोपालांनी दोन्ही माग विकले. आमच्या दुकानाने परत केलेला माल म्हटल्यावर दुसऱ्या कोणी हात लावला नाही. साड्या एक-एक करून मिळेल त्याला दिल्या. "डोळे गेले म्हणे म्हाताऱ्याचे. तुमच्याच लक्षात आलं ना पहिल्यांदा?" तो म्हणाला. कौतुकाने म्हणाला.

मी गोदामात जाऊन बसलो. रडू आलं नाही, स्वतःची किळस आली.

१६ जून, रविवार

कांचीपुरमला जाऊन आलो. सगळं जसं झालं तसं लिहितो.

बसमध्ये दोन तास वाक्यं जुळवत होतो. राजगोपालांच्या घरात पुढच्या खोलीत मागाचा खड्डा आहे, विणताना पाय सोडून बसतात तो. त्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर तांदळाचं पोतं. त्यांनी मला त्या पोत्याशेजारी बसवलं आणि स्वतः कॉफी आणली.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नस, वेष्टन, बाटलीचं बूच, लडी टाकून दिली तेसुद्धा. म्हटलं, "अय्या, तुमचा तांबडा तांबडाच होता. माझा डोळा खोटा होता. मी पाया पडतो."

त्यांनी माझ्या डोळ्यात निरखून पाहिलं. "डोळा तर चांगला दिसतो तुझा."

"बाहेरून दिसत नाही. आत, मागे आहे."

"मीही दाखवले डोळे. तू सांगितलंस म्हणून," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू नाही, काही नाही, ठणठणीत आहेत. पण डॉक्टरला तांबड्यातलं काय कळतं? तुला कळतं. तुला मीच शिकवलं."

"त्या दिवशी मला कळलं नाही, अय्या."

ते उठले आणि कपाटातून एक साडी आणली. अकरांतली उरलेली. ती त्यांनी विकली नव्हती. तिचा पदर धरून ते मला अंगणात उन्हात घेऊन गेले.

"आता सांग."

मी उजवा डोळा मिटायला गेलो. त्यांनी लगेच टोकलं, "डावा मीट. मी शिकवलं तेही विसरलास?"

खुळ्यासारखा मी डावा मिटला. बावीस वर्षांची सवय, गुरूचा शब्द, काय म्हणावं ते म्हणा. हात आपोआप पदराखाली गेला, पदर उन्हात धरला. समोर वीट होती.

"तांबडा आहे," मी म्हटलं. "फार सुरेख तांबडा आहे, अय्या."

ते साडीकडे पाहत नव्हते. माझ्या तोंडाकडे पाहत होते. बावीस वर्षं त्यांनी माझा निकाल माझ्या तोंडावरच वाचला आहे, मी हो किंवा नाही म्हणण्याआधीच. मी डावा डोळा उघडला, साडी पेटल्यासारखी तांबडी झाली, मी ओरडून म्हणालो, आहे हो, आहे, बघा! तोवर ते घडी घालायला लागले होते.

"इतक्या लांब आलास, बरं वाटलं," ते म्हणाले. "पण माझं मन राखायला खोटं बोलू नकोस. तुझ्या धंद्याला ते शोभत नाही."

साडी त्यांनी मला दिली. कीर्तनासाठी, म्हणाले. रंग उतरला आहे, पण घरात नेसायला चालेल.

१७ जून, सोमवार

घरी भवानीने साडी उलगडली आणि तोंडावर हात ठेवला. "असला तांबडा मी माझ्या लग्नातपण पाह्यला नाही हो," म्हणाली. कीर्तना लगेच अंगावर धरून आरशासमोर. मी सांगितलं, ती ठेवून द्या, कीर्तनाच्या मुहूर्ताला नेसायची.

मग दुकानात जाऊन मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी हिशेबाची वही मिटून बाजूला ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आधी राजगोपालांना काम देऊ. माग मी परत विकत घेऊन देतो." माझ्यासमोर त्यांनी फोन लावला आणि पंचवीस मुहूर्ताच्या साड्या सांगितल्या.

२१ जून, शुक्रवार

राजगोपालांचा निरोप आला. काम घेता येणार नाही. दुकानाने आठवण ठेवली याबद्दल नमस्कार. डोळे गेलेल्या माणसाने मुहूर्ताच्या साड्यांना हात लावू नये, ते नवऱ्यामुलीला चांगलं नाही.

मालकांनी मला आत बोलावलं. गल्ल्यामागची खुर्ची सरकवून बसायला सांगितलं. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"काय करायचं, राव?"

"तांबड्यासाठी दुसरा माणूस शोधा, सार."

"विणणारा, का पारखणारा?"

"दोघेही," मी म्हटलं, आणि नमुन्यांच्या पेटीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.